मावशीची आंबील आणि माझी सर्दी

मुकुटबनच्या आसपास दहा-बारा गावांत लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो की कुणा साहेबाचा निरोप समारंभ, माइक धरायला माणूस लागला की मला बोलावतात. मी बोलतो चांगलं. आणि मध्येच थांबतो तेव्हा तर फारच चांगलं बोलतो. दोनशे माणसं घास हातात धरून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत असतात, तो थाट काही औरच. पण खरी प्रसिद्धी मला मिळाली ती तोंडामुळे नाही, नाकामुळे.

दहा-अकरा वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या बायकांनी मतदान करून देशी दारूचं दुकान बंद पाडलं. मतपत्रिकेवरची आडवी बाटली, म्हणजे बंदीची खूण, जिंकली. प्रचाराचा भोंगा माझ्याच हातात होता. दुसऱ्या दिवसापासून गावातले पुरुष शेजारच्या गावी जाऊ लागले, आणि विजयी झालेल्या दारूबंदी समितीला करायला काही उरलं नाही. मग समितीनं गावठीकडे मोर्चा वळवला. पहिल्याच दिवशी नाल्यात झुडपाखाली प्लास्टिकचा ड्रम सापडला. आत दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा आहे की गुरांसाठी भिजवलेलं काहीबाही, यावर पोलीस पाटील आणि अध्यक्षबाई यांचं एकमत होईना. मी पुढे झालो. बाह्या सारल्या, डोळे मिटले, वाकून वास घेतला, उठलो, आभाळाकडे पाहिलं, थांबलो. चांगला थांबलो. आणि म्हणालो, "वऱ्हाडी मंडळी, नवरदेव सापडला!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून माझ्या नाकाशिवाय एक धाड पडली नाही. हा वास मला इतका पाठ कसा, हे कोणी विचारलं नाही, आणि माझ्या तरुणपणाचा विषय मीही काढला नाही.

आता थोडं मावशीबद्दल. ती माझी नात्यानं मावशी नाही, जातीनंही नाही. गावाबाहेर टेकाडाच्या पायथ्याशी कोलाम आदिवासींचा पोड आहे, वीस-पंचवीस घरांचा, तिथली ती. माझी आई आणि ती पिकाच्या एकाच ओळीत निंदायला असायच्या. आमचं तीन एकर रान बरड होतं, म्हणून आई दुसऱ्यांच्या वावरात जायची. त्यातलं मोठं वावर होतं पुढे समितीच्या अध्यक्ष झालेल्या बाईंच्या सासऱ्यांचं. उन्हाळ्यात आई घरी नसली की मी पोडावर. मावशी मला आंबील द्यायची.

ज्वारीचं पीठ आणि थोड्या कण्या मडक्यात पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचं. उन्हाळ्यात सकाळी त्यावर फेस येतो, बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. मग ते पातळ शिजवायचं, मीठ, ठेचलेला लसूण. गार झालं की प्यायचं. मावशी पहिला घोट जमिनीवर सांडायची, आणि "धरतीले आधी, तुले मंग," म्हणायची. ती तिच्या वळणानं त्याला 'अंबली' म्हणे. पोटात गेलं की दुपारपर्यंत भूक नाही आणि ऊन लागत नाही. त्याहून चांगलं पेय मी आजवर प्यालेलो नाही, आणि प्यायच्या बाबतीत माझा अभ्यास बऱ्यापैकी आहे.

पण आंबील ही सांगायची गोष्ट नव्हती. आमच्याकडे ज्याच्या घरी गव्हाची पोळी तो माणूस, ज्वारीची भाकर खाणारा त्याच्याखाली, आणि भाकरीइतकं पीठच नाही म्हणून तेच पीठ पाण्यात वाढवून पिणारा सगळ्यांत खाली. आई बजावायची, "शाळेत कोणं पुसलं तं भाजी-भाकर खाल्ली म्हणजो." मी तसंच सांगत आलो. पुढे मी पोळी खाणारा झालो, मग माइकवाला झालो, मग ज्या वाड्याच्या वावरात आई वाकायची त्या घरी मला खुर्ची मिळू लागली. एकदा अध्यक्षबाईंनी चहा देता देता विचारलं, "तुमच्याकडे उन्हाचं काय करत असत हो भाऊ, लहानपणी?" मी म्हणालो, "पन्हं." आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाच्या दारी आंब्याचं झाड नव्हतं.

तेंदूपत्त्याचे दिवस होते. पोडातली माणसं पहाटे जंगलात जायची ती दुपारी पानांचे भारे घेऊन यायची. प्रत्येक घरून थोडी ज्वारी यायची आणि सगळ्यांसाठी आंबील लावायची मावशी, दोन मोठ्या मडक्यांत. कुणीतरी समितीला सांगितलं की कोलामाच्या पोडावर मडकी लागलीत आणि आंबट वास येऊन राह्यला.

आम्ही सकाळी आठला पोचलो. अध्यक्षबाई, नऊ बायका, पोलीस पाटील आणि मी. मावशी अंगणात होती. तिनं एवढ्या माणसांमधून नेमकं मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"आला का बाबू? उन्हाचा आला. बस."

"मडक्यात काय हाय?" पोलीस पाटलांनी विचारलं.

"अंबली हाय. आन् काय राहीन?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बुडबुडे काहून येऊन राह्यले मग?"

"बाई, आंबलं का बुडबुडे येतेतच. तुमच्या घरी आंबत नाही का काही?"

त्यांच्या घरी दर रविवारी इडली असायची. तिचं पीठ भांड्याबाहेर आलं की बाई सगळ्यांना कौतुकानं दाखवायच्या. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. म्हणजे सुचलं, बोललो नाही.

"भाऊ, तुम्ही पाहा," बाई म्हणाल्या.

सगळे बाजूला सरले. मंच मोकळा झाला. मी बाह्या सारल्या, कारण बाह्या सारायची सवय होती. वाकलो. नाकात तो वास गेला आणि एका क्षणात मला आईच्या हाताला लागलेली माती दिसली. सडव्याचा वास जड असतो, घशात बसतो. हा हलका, दुधासारखा, लसणाची वाट बघणारा. ओळखायला नाक लागत नव्हतं, मी डोळ्यांनीही ओळखलं असतं.

एवढ्यात मावशीनं घरातून कालची शिजवलेली आंबील वाटीत आणली, बोटानं थेंबभर जमिनीवर सांडली आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"वास काय घेतं रे? पे न. लहानपणी दोन-दोन वाट्या पेत होता."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. नऊ बायका माझ्याकडे पाहत होत्या. आता त्या नाक पाहत नव्हत्या, मला पाहत होत्या. मी वाटी घेतली असती, एक घोट प्यालो असतो, तर गोष्ट तिथंच संपत होती. पण मग पन्ह्याचं काय, खुर्चीचं काय, कोलामिणीच्या घरी दोन-दोन वाट्या पिणाऱ्या पोराचं काय! मी थांबलो. आयुष्यात इतका लांब थांबलो नव्हतो.

"सडवाच हाय ना?" पोलीस पाटील म्हणाले.

मी हो म्हणालो नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि कित्येक वर्षं स्वतःला सांगतही आलो. मी फक्त नाक मुरडलं आणि मान दुसरीकडे वळवली.

तेवढं पुरलं. बायकांनी मडकी उलंडली. पांढरं पाणी अंगणभर पसरलं, कोंबड्या धावल्या आणि कण्या टिपू लागल्या. समितीतलीच एक म्हातारी बाकीच्यांना बाजूला सारून खाली पाहत म्हणाली, "अवं, दारूत कण्या असतात का?" अध्यक्षबाई म्हणाल्या, "या लोकायचं काही सांगता येत नाही, कशाचीबी गाळतात."  वाटी अजून मावशीच्या हातात होती. तिनं ती कोंबड्यांना ओतली.

पोलिसांत प्रकरण गेलं नाही, ही समितीची मेहरबानी. पण मावशी गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. पोडातली एकमेव बाई जिला शाळेत काम होतं, आणि तिला त्याचा केवढा तोरा! खिचडी वाढताना ती पोरांना त्यांच्या नावानं नाही, पिकांच्या नावानं हाक मारायची: ए तूर, ए मूग, इकडं ये. आठ दिवसांत शाळा समितीची बैठक बसली. दारू गाळणाऱ्या बाईच्या हातचं लेकरांनी खायचं का, हा विषय.

ती माझ्याकडे आली. आमच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"बाबू, तू सांग त्यायले. तुझं आयकतेत सारे."

"सांगतो ना मावशी."

"तू पेला हायस. तुले ठाऊक हाय."

"सांगतो म्हटलं ना."

मी बैठकीला गेलो. पाहुणा म्हणून खुर्ची मिळाली. विषय निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलंही. मी एक विनोद केला. कोणता ते लिहीत नाही. तो चांगला होता, सगळे हसले, आणि हसण्यातच ठराव झाला. खिचडीचं काम गावातल्या दुसऱ्या बाईला गेलं. ती विधवा होती, तिलाही गरज होती. त्यामुळे मला दोन दिवस बरं वाटलं.

काही महिन्यांनी गावात खरं कळलं. दारूत कण्या नसतात, हे त्या म्हातारीनं घरोघरी सांगितलं होतं. अध्यक्षबाई वरमल्या, खिचडीचं काम मात्र परत फिरलं नाही, आणि मला विचारणारे भेटू लागले: काहो भाऊ, तुमचं नाक कुठं गेलतं तेव्हा? मी एका लग्नात, नवरदेवाची वरात उशिरा येत होती तेव्हा, लोकांना धरून ठेवायला म्हणून उत्तर दिलं: सर्दी झाली होती!

आणि मंडळी, काय गोष्ट झाली ती. समिती कशी निघाली, पोलीस पाटलांची चप्पल चिखलात कशी रुतली, मी नाकाला रुमाल लावून कसा वाकलो, सर्दीनं मला गुलाब आणि गोमूत्र यांतला फरक कसा कळत नव्हता, कोंबड्या आंबील पिऊन कशा ढेकर देत होत्या. मी कोंबडीचा ढेकर काढून दाखवायचो. लोकं रडायचे हसून. पार नेर-दारव्ह्याकडच्या लांबलांबच्या पाहुण्यांनी मला फर्माइश केली आहे: भाऊ, ते सर्दीचं होऊन जाऊ द्या. त्या गोष्टीत एक कोलाम बाईही होती. ती फार बोलायची नाही. तिच्या हातात वाटी द्यायचं मी टाळत असे.

तीन वर्षांपूर्वी मुकुटबनजवळच्या एका लग्नात मी ती गोष्ट रंगात आणून सांगितली. जेवणं झाल्यावर हात धुवायला मंडपामागे गेलो तर भांड्यांच्या ढिगाआड मावशी राखेनं पातेली घासत होती. शाळा गेल्यापासून ती लग्नांत भांडी घासायला जायची, हे मला माहीत होतं. त्या लग्नात असेल हे नव्हतं. भोंगा नेमका तिच्या डोक्याच्या वरच खांबाला बांधला होता.

तिनं मान वर केली. रागानं नाही. खरंच कळून घ्यायचं असावं तसं विचारलं, "बाबू, तुले ते सर्दी कवा झालती रे?"

मी हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले.

आता यंदाचं. काळ कसा फिरला पाहा. ज्वारीला चांगले दिवस आले. डॉक्टर साखरेवाल्यांना भाकरी लिहून देतात, आणि वाड्यावरच्या घरी गव्हाचं पथ्य पाळतात. तालुक्याला भरडधान्यांचा मेळावा भरला. आमच्या अध्यक्षबाई आता बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, आणि त्यांच्या गटानं पाकिटातलं आंबिलीचं पीठ काढलं आहे. मडकी उलंडणाऱ्यांपैकी चार जणी ते पीठ दळतात. स्टॉलवर कागदी कपात आंबील, वर कोथिंबीर. एका साहेबांनी घोट घेऊन "अमृत!" म्हटलं आणि फोटो काढून घेतला.

मेळाव्याच्या आधी बाई मला म्हणाल्या, "भाऊ, पारंपरिक पद्धत करून दाखवायले कोणी पाहिजे. ते तुमची कोलाम मावशी येईन का? लुगड्यातच या म्हणा."

मी पोडावर गेलो. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येतो. पण तू माइकात सांगजो का ते अंबली होती. सर्दी नव्हती म्हणून सांगजो."

"सांगतो."

"मांगेबी सांगतो म्हटलं होतं तू."

"या वेळी सांगतो मावशी."

आणि मी सांगितलं. स्टेजवर मावशी चुलीपाशी बसली होती, खाली तीनशे माणसं. मी माइक धरला आणि म्हणालो, "मंडळी, मला सर्दी नव्हती." एवढ्यावरच पहिला हशा आला. मी म्हणालो, "मला माहीत होतं ती आंबील आहे. मी लाजेनं बोललो नाही." टाळ्या. मागून कुणी ओरडलं, "भाऊ, कोंबडी राहिली!" मी म्हणालो, "हसू नका, खरं सांगतोय," आणि जे हसत नव्हते तेही हसू लागले, इतकं चोख मी ते वाक्य म्हटलं होतं. बाईही हसत होत्या. मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कायले हासता? तुम्हीच तं उलंडलं." बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अवं, मजाक होय तो. भाऊचा आयटम होय." तेवढ्यात साहेब आले आणि मी त्यांच्या स्वागताची घोषणा केली. करावी लागली; कार्यक्रमपत्रिका माझ्याच हातात होती.

परतताना जीपमध्ये मावशी माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "हासू न आणता तुले सांगताच येत नाही का रे?"

"येत नाही मावशी," मी म्हणालो. ते खरं होतं.

"मंग लिवून वाच. जिथं काढलं मले तिथं. शाळेत."

मी लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तीन वेळा त्यात कोंबड्या आल्या. गेल्या महिन्यात शाळेत पालकांची सभा होती. नवे मुख्याध्यापक, समितीतले बरेचसे जुनेच. मावशी दाराशी खाली बसली. मी कागद डोळ्यांसमोर धरला, वर पाहिलं नाही, कुठंही थांबलो नाही. त्या दिवशी मडक्यात काय होतं, मी ते कधीपासून पीत होतो, माझ्यापुढे वाटी कुणी धरली होती आणि मी मान का वळवली, हे सगळं एका दमात वाचलं. कुणी हसलं नाही.  एका पालकानं जांभई दिली. मुख्याध्यापकांनी माझे आभार मानले आणि पाण्याच्या टाकीचा विषय घेतला.

आम्ही बाहेर आलो. मधल्या सुट्टीची वेळ होती, पलीकडे शेडमध्ये ती दुसरी बाई खिचडीचं पातेलं उतरवत होती. मावशी तिकडं पाहत उभी राहिली. पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला.

"चांगलं वाचलं तू," ती म्हणाली. "मंग आता घेतेत का मले कामावर? कवापासून या लागीन?"

तिनं सकाळपासून काय समजून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. माझ्याजवळ एकही विनोद नव्हता.

"नाही मावशी. ते काम आता तिचं हाय. तुमचं वयबी झालं. कोणी घेणार नाही."



"मंग कायले वाचलं?"